मेंढ्यांपाशी झोपायचं कोणी?

"अहो, ही समलैंगिकांची गोष्ट नाहीच. ही निव्वळ प्रेमाची गोष्ट आहे."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते सुरू झालं की माझा हात आपसूक चहाच्या कपाकडे जातो. 'ब्रोकबॅक माउंटन'चा विषय निघाला की ते येतंच. बोलणारा माणूस भला असतो. आपलं मन मोठं आहे एवढंच त्याला सांगायचं असतं. मग पाठोपाठ मराठी समीक्षेची ठेवणीतली तीन विशेषणं येतात: तरल, संयत, हळुवार. दोन पुरुष, मोठं आकाश, डोंगर, मेंढ्या, आणि हळूहळू उमलत जाणारं प्रेम. ऐकताना वाटतं, कुणी भावगीताच्या मैफलीबद्दल बोलतंय.

माझं भांडण या माणसाशी आहे. नाकं मुरडणारेही आहेत, त्यांचाही हिशेब पुढे करतो, पण त्याला फार वेळ लागत नाही. या गोष्टीचं खरं नुकसान तिची स्तुती करणाऱ्यांनी केलंय.

आधी गोष्टीत आहे काय ते पाहू. अ‍ॅनी प्रू यांची ही कथा 'द न्यू यॉर्कर'च्या १३ ऑक्टोबर १९९७च्या अंकात आली. सिनेमा आठ वर्षांनी, २००५ साली. काळ १९६३चा उन्हाळा, जागा अमेरिकेतलं वायोमिंग राज्य. एनिस डेल मार आणि जॅक ट्विस्ट, दोघे विशीच्या आतले, शाळा अर्ध्यात सुटलेली, घरची गरिबी. दोघांनाही हाताला काम हवंय. जो अगीरे नावाचा मुकादम त्यांना एका हंगामापुरतं डोंगरावर पाठवतो. काम मेंढ्या राखायचं. म्हणजे ज्यांना आपण बिनदिक्कत 'काऊबॉय' म्हणतो ते त्या उन्हाळ्यात मेंढपाळ आहेत, आणि गुरंवाल्यांच्या त्या मुलुखात मेंढपाळाला कुणी फारसं विचारत नाही. (तसं 'काऊबॉय'चंही साधं मराठी 'गुराखी' असंच व्हायला हवं. ते आपण करत नाही, कारण गुराख्याला रोज मिळतो आणि काऊबॉयला टोपी.)

आता मुकादमाचा हुकूम. डोंगर सरकारच्या वनखात्याचा. तळ कुठे टाकायचा त्या जागा खात्याने ठरवून दिलेल्या, आणि मेंढ्या चरतात तिथून त्या लांब. आदल्या उन्हाळ्यात अगीरेची जवळजवळ २५ टक्के मेंढरं गेली होती. म्हणून तो नियम मोडून सांगतो: एकाने तळावर राहायचं, स्वयंपाक बघायचा. दुसऱ्याने जेवायला-खायला तेवढं तळावर यायचं, झोपायचं मात्र मेंढ्यांपाशी. विस्तव पेटवायचा नाही. छोटासा तंबू सकाळी गुंडाळून ठेवायचा, वनखात्याच्या माणसाच्या नजरेस पडता कामा नये.

धनगराच्या वाड्यावर एखादी रात्र काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मेंढरं जाळ्याच्या वाघरीत गेली म्हणून माणूस झोपत नाही. लांडगा रात्रीच येतो. फरक इतकाच की वाड्यावर बायकापोरं, कोंबड्या, घोडी, सगळा संसार सोबत असतो. अगीरेच्या डोंगरावर दोन मजूर आहेत आणि त्यांनीही एकमेकांपासून लांब झोपावं अशी कामाची वाटणी आहे.

या दोघांमधलं अंतर लेखिकेने काव्यासाठी मुद्दाम ठेवलेलं नाही. ते मजुरीच्या अटीतून आलंय. रोज संध्याकाळी एकाला उठून घोड्यावर बसून वर जावं लागतं, रोज बोलणं अर्धं राहतं, आणि ते पुरं करायला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची वेळ यावी लागते. मग एका रात्री गप्पा आणि दारू लांबते, वर जायला उशीर होतो आणि एनिस तळावरच थांबतो. प्रेमाची सुरुवात कामचुकारपणाने होते! मेंढ्या त्या रात्री राखणीशिवाय आहेत. या प्रसंगाला 'हळुवार' म्हणणाऱ्याने मेंढ्यांच्या बाजूने एकदा विचार करावा.

आणि हळुवार म्हणायचं तरी कशाला? मूळ कथा पुन्हा काढून वाचा. त्या रात्री तंबूत जे होतं ते झटक्यात होतं. प्रस्तावना नाही, कबुली नाही, नजरानजर नाही. प्रूबाई ते काही ओळींत उरकतात, आणि तेही राकटपणे. तीसेक पानांच्या कथेत शरीर फार लवकर येऊन जातं. हळू पेटणाऱ्या प्रेमकथेचा एक ठरलेला बाज असतो. मिलन लांबवायचं, वाचकाला तिष्ठत ठेवायचं, आणि मिलन झालं की गोष्ट संपली. इथे मिलन आधी आणि तिष्ठणं नंतर. ते नंतरचं तिष्ठणं वीस वर्षांचं आहे. संथपणा असेलच तर तो त्या वीस वर्षांत शोधायला हवा, आणि तिथे तो तरल वगैरे काही नाही. तिथे तो भीतीचा आहे.

भीती कशाची, हे कथेतच लिहिलंय, आणि 'निव्वळ प्रेम'वाले नेमकं तेवढंच पान उलटून पुढे जातात. जॅकचं म्हणणं साधं आहे. आपण दोघांनी एक लहानसा रँच करू, थोड्या गाई, थोडी वासरं. पैशाचा मार्गही त्याने काढलाय. टेक्सासमधल्या त्याच्या सासऱ्याचा शेतीच्या यंत्रांचा धंदा आहे, आणि जावई कायमचा टळत असेल तर म्हातारा खुशीने पैसे मोजेल, असा त्याचा होरा. यावर एनिस त्याला अर्ल आणि रिच यांची हकीकत सांगतो. त्याच्या गावाकडे दोन म्हातारे मिळून रँच चालवत. लोक चेष्टा करत, पण दोघे काटक होते. एनिस नऊएक वर्षांचा असताना बापाने त्याला मुद्दाम नेऊन अर्लचं प्रेत दाखवलं. लोखंडी पान्याने ठेचलेलं, फरफटवलेलं, एका चरात टाकलेलं. बापानेच मारलं असेल, असा एनिसला संशय आहे.

म्हणजे दोन पुरुषांचा रँच हे जॅकचं स्वप्नरंजन नव्हतं. तो रँच त्या मुलुखात आधीच होऊन गेला होता, चालला होता, आणि त्याचा शेवट एका पोराला बोट धरून दाखवून ठेवला होता. एनिस पुढे वीस वर्षं जे 'संयत' वागतो तो संयम त्या चरापाशी शिकलेला आहे. याला आपण संयत अभिनय म्हणून टाळ्या दिल्या. सिनेमात एनिस झालेल्या हीथ लेजरने काम उत्तम केलंय यात वाद नाही, पण ओठ आवळून बोलणाऱ्या त्या माणसात आपल्याला पौरुषाचं सौंदर्य दिसलं आणि ओठ कशाने आवळले गेलेत हे विचारायचं राहून गेलं.

प्रूबाईंनी स्वतः ही कथा ग्रामीण भागातल्या समलिंगीद्वेषाबद्दल आहे असं स्वच्छ सांगून ठेवलंय. आणि त्यांनी काही हवेतून काढलं नव्हतं. १९६३ साली वायोमिंगमध्ये असा संबंध हा गुन्हा होता. तो कायदा १९७७ साली गेला. जॅक जिथे संसार करत होता त्या टेक्सासमधला कायदा थेट २००३पर्यंत टिकला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मोडला म्हणून गेला. कथा छापून येऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा ऑक्टोबर १९९८मध्ये वायोमिंगमधल्याच लॅरमी गावाबाहेर मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या समलैंगिक विद्यार्थ्याला मारहाण करून कुंपणाला बांधून ठेवलं गेलं. १२ ऑक्टोबरला तो गेला. २००९ साली त्याच्या नावाचा कायदा देशपातळीवर झाला. खुद्द वायोमिंगने मात्र पंचवीस वर्षं उलटली तरी द्वेषापोटी केलेल्या गुन्ह्यांविरुद्ध स्वतःचा कायदा केला नव्हता. एवढं सगळं समोर असताना 'निव्वळ प्रेमाची गोष्ट' म्हणणं म्हणजे पंचनाम्याला अभंग म्हणण्यासारखं आहे.

आमचे एक स्नेही यावर म्हणतात, "अरे, पण अडथळे प्रत्येकच प्रेमात असतात. जात असते, पैसा असतो, घरच्यांचा विरोध असतो. वैश्विक म्हणजे तेच." आक्षेप फेकून देण्यासारखा नाही. जातीपायी आपल्याकडे मुलामुलींचे गळे कापले जातात, त्यामुळे एनिसची भीती इथल्या कित्येकांना अनुवादाशिवाय कळेल. पण ती कळायची असेल तर आधी ती कशाची आहे हे नावानिशी सांगायला नको का? आंतरजातीय लग्नापायी झालेल्या खुनाला कुणी 'जातीचा यात काही संबंध नाही, ही निव्वळ प्रेमाची शोकांतिका' म्हणालं, तर हेच स्नेही अंगावर धावून जातील. आणि धावावंच.

दुसरं, रँच म्हणजे काय हे जरा बघा. ती पिढीजात मिळकत आहे. जमीन, जनावरं, विहीर, कर्ज, सगळं बापाकडून मुलाकडे, आणि मुलाचं लग्न हा त्या व्यवहाराचा सांधा. गावातला मुलगा नि मुलगी एकमेकांवर भाळली तर रँच त्यांना बक्षीस मिळतो. गोष्टीच्या शेवटी तो असतोच, अंगणात पाळणा टांगलेला. दोन पुरुषांच्या बाबतीत तोच रँच आडवा येतो. जॅक वर्षानुवर्षं बापाला सांगत राहिला की मी एनिसला घेऊन येतो, आम्ही दोघं मिळून ही पडकी जागा ताळ्यावर आणू. बापाने ते ऐकून घेतलं आणि पोराच्या मरणानंतर त्याची रक्षा तेवढी घराण्याच्या दफनभूमीसाठी ठेवून घेतली. एनिसला ती ब्रोकबॅकच्या डोंगरावर न्यायला दिली नाही. वैश्विक प्रेमाला वारसाहक्काचा हा नियम लागू नसतो, म्हणून ते वैश्विक दिसतं.

कथेतली जी जागा मला सर्वांत असह्य वाटते तिच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. दोघांचं शेवटचं भांडण होतं ते रजेवरून. मे १९८३. वर्षातून एकदोनदा मासेमारीच्या नावाखाली भेटायचं, त्यात एनिस सांगतो की ऑगस्टमध्ये जमणार नाही, आता थेट नोव्हेंबर. जनावरं विक्रीला रवाना झाल्यावर आणि हिवाळ्याची वैरण सुरू होण्याआधी जी फट मिळेल, तेवढीच. मालक रजा देत नाही. नोकरी सोडावी तर मुलींच्या पोटगीचे पैसे भरायचेत. जॅक उसळतो. त्यानंतर एनिस त्याला एक पोस्टकार्ड टाकतो, नोव्हेंबरचंच नक्की असं समज. कार्ड परत येतं, त्यावर शिक्का: मयत.

ऑगस्ट की नोव्हेंबर! वीस वर्षांचं प्रेम गुरांच्या बाजाराच्या वेळापत्रकात अडकून मेलं. बदलीवर बायकोपासून लांब राहिलेला कुणीही शिपाई वा मास्तर रजेचं हे दुखणं जाणतो. पण त्याच्याकडे निदान अर्जात लिहायला कारण असतं. एनिसला मालकापुढे कारण म्हणून काय सांगता आलं असतं?

आता नाक मुरडणारे. त्यांचे दोन प्रकार आहेत. एक अमेरिकेतला, तो म्हणतो असले गुराखी कधी नव्हतेच. २०२२ साली सॅम एलियट या नटाने, ज्याची हयात घोड्यावरच्या भूमिकांत गेली, 'द पॉवर ऑफ द डॉग' या सिनेमावर एका मुलाखतीत तोंडसुख घेतलं. सिनेमातले समलैंगिकतेचे इशारे त्याला खुपले, आणि न्यूझीलंडची बाई, न्यूझीलंडमध्ये चित्रीकरण करून, आमच्या पश्चिमेबद्दल काय सांगणार हा मुद्दाही होताच. दिग्दर्शिका जेन कॅम्पियन यांचं उत्तर मला फार आवडलं: तो गुराखी नव्हे, नट आहे. पुढे एलियटने माफी मागितली, तो विषय तिथे संपला. पण दिग्दर्शिका बाहेरची असली तरी गोष्ट बाहेरची नव्हती. मूळ कादंबरी १९६७ सालची, लिहिणारे थॉमस सॅव्हेज माँटानातल्या रँचवर वाढलेले, स्वतः समलैंगिक, आणि रीतीप्रमाणे लग्न करून बाप झालेले. त्याच्याही आधी, १९४८ साली, आल्फ्रेड किन्सी यांनी पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरच्या ग्रंथात नोंदवून ठेवलं होतं की पुरुषांमधले असे संबंध दूरदूरच्या ग्रामीण भागात, विशेषतः पश्चिमेकडच्या गुरंवाल्यांत, लाकूडतोड्यांत, खाणी शोधत हिंडणाऱ्यांत बरेच आढळतात. शहरी चोचल्यांचं नाव तिथे कुठेच नव्हतं. १९७६ साली नेवाडातल्या रीनो गावी समलैंगिकांचा स्वतंत्र रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींचा खेळ, भरला. बैलावर बसून आठ सेकंद टिकून दाखवायला कुणाच्या विचारसरणीची मदत होत नाही.

दुसरा प्रकार आपल्याकडचा: हे सगळं पाश्चात्त्य, आपल्या मातीत नाही. त्याला मी फार उत्तर देत नाही, एक नाव सांगतो. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी सिनेमा. २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. बाप गेला म्हणून मुंबईचा आनंद गावी येतो आणि लहानपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. बाळ्या शेतात राबणारा, घरचे त्याच्या लग्नाच्या मागे लागलेले. इथे मुकादमाच्या हुकुमाच्या जागी सुतक आहे. दहा दिवस, काय खायचं, कुठे झोपायचं, कुणाकडे जायचं नाही, सगळं भाऊबंदकी ठरवणार. या सिनेमालाही लगेच 'हळुवार' म्हणून झालंच. दहा दिवस भावकीच्या डोळ्यांदेखत वावरणारा माणूस हळू चालणार नाही तर काय धावत सुटेल?

राहिला शेवटाचा वाद. प्रूबाई वैतागून सांगत असतात की वाचक त्यांना ही कथा सुधारून पाठवतात. जॅक मरत नाही, दोघांना रँच मिळतो, वगैरे. बाईंचं म्हणणं, या लोकांना गोष्ट कळलीच नाही. मी बाईंच्या बाजूने आहे, पण पुरता नाही. कारण त्यातून एक समज पसरलाय की अशा जोडीची खरी गोष्ट म्हणजे मरणाचीच. सुखान्त म्हणजे भाबडेपणा.

मग एडवर्ड कार्पेंटरचं काय करायचं? केंब्रिजची पदवी घेतलेल्या या माणसाने १८८३ साली डर्बीशरमधल्या मिलथॉर्प गावी सात एकर जमीन घेतली, भाजीपाला लावला, आणि जोडीला चपला शिवायचा उद्योग काढला. चपलांचा नमुना एका मित्राने काश्मिरातून पाठवला होता. १८९० साली तो सिलोन आणि हिंदुस्थानात येऊन गेला. त्या प्रवासवर्णनाच्या नावातच घारापुरीची लेणी आहेत. १८९८पासून जॉर्ज मेरिल त्याच्यासोबत राहू लागला. शेफील्डच्या गरीब वस्तीतला, फारसा न शिकलेला. ऑस्कर वाइल्डला अशाच संबंधांपायी तुरुंगात जाऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. इंग्लंडचा कायदा जागेवर होता, शेजारीपाजारी कुजबुजत होते, आणि हे दोघे उघडपणे एका घरात राहिले. तीस वर्षं. १९१३ साली ई. एम. फॉर्स्टर त्यांना भेटायला गेला (त्याच वर्षी तो हिंदुस्थानातून परतला होता, देवासच्या पवार महाराजांशी स्नेह जोडून) आणि त्या भेटीतून दोन पुरुषांच्या प्रेमाची 'मॉरिस' कादंबरी निघाली. शेवट सुखाचाच हवा असा फॉर्स्टरचा हट्ट होता. त्या हट्टापायी ती त्याच्या मरणानंतर, १९७१ साली छापली गेली. रडका शेवट केला असता तर कदाचित आधी छापता आली असती, असं तो स्वतःच म्हणून गेलाय. म्हणजे कोणता शेवट 'खरा' हे बऱ्याचदा छापखान्याचं भय ठरवत होतं.

म्हणून मला फ्रान्सिस ली यांचा 'गॉड्स ओन कंट्री' जवळचा वाटतो. २०१७चा, दिग्दर्शक स्वतः यॉर्कशरच्या शेतकऱ्याचा मुलगा. जॉनीचा बाप पक्षाघाताने अधू झालाय, मेंढ्या व्यायच्या दिवसांत एक हात कमी पडतो, म्हणून घेऑर्गे नावाचा रुमानियन मजूर आठवडाभरासाठी बोलावला जातो. त्याला घरात जागा नाही. अंगणात एक जुनी चाकांची खोली उभी आहे, तिथे. माळावर दगडी भिंत रचताना, चिखलात, शरीर इथेही आधी आणि आडदांडपणे येतं. चुंबन घ्यायला मात्र जॉनीला किती वेळ लागतो! मेलेल्या कोकराचं कातडं सोलून घेऑर्गे ते आईविना उरलेल्या अशक्त कोकराला अंगरख्यासारखं चढवतो, म्हणजे मेंढी त्याला आपलं समजून जवळ घेईल. जॉनी ते बघत उभा असतो. सगळा सिनेमा त्या बघण्यात आहे, आणि ते बघणं कामाच्या मध्येच घडतं, हात रक्ताने बरबटलेले असताना.

पुढे जॉनी माती खातो, घेऑर्गे निघून जातो, आणि जॉनीला स्कॉटलंडपर्यंत त्याच्या मागे जावं लागतं. तिथे त्याला शब्द सुचत नाहीत. परत चल, एवढं म्हणायला त्याची दमछाक होते.

दोघे परत येतात. अंगणातली ती चाकांची खोली कुणीतरी ओढून घेऊन जातं.